वीस तारखेचे ओझे

जानेवारी हा आमच्या शहरात हुरड्याचा, पतंगांचा आणि तिळगुळाचा महिना. परंतु वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथील लहान गाळ्यांत, गुलमंडी-शहागंजच्या दुकानांमागील अंधाऱ्या खोल्यांत आणि मोंढ्यातील गाद्यांवर हा महिना निराळ्याच कारणाने लक्षात राहतो. सात तारखेला कापून ठेवलेला आयकर सरकारी खजिन्यात भरावयाचा. अकराला विक्रीच्या बिलांचे विवरणपत्र द्यावयाचे. पंधराला कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी आणि राज्य विम्याची वर्गणी. आपसमेळ योजनेत असलेल्याने अठराला तिमाहीचा कर भरावयाचा, इतरांनी वीसला वस्तू व सेवा कराचे मुख्य विवरणपत्र करासह दाखल करावयाचे, आणि तिमाही पद्धत पत्करलेल्यांना महाराष्ट्रात आणखी दोन दिवसांची, म्हणजे बावीसपर्यंतची सवड. महिनाअखेरीस कापलेल्या आयकराचे तिमाही विवरणपत्र आहेच. हे आवरते न आवरते तोच फेब्रुवारी उजाडतो. मग 15 मार्चला आगाऊ आयकराचा शेवटचा हप्ता, आणि त्यानंतर पंधरा-सोळा दिवसांत 31 मार्च.

फेब्रुवारीची एक गंमत येथेच सांगून टाकतो. नोकरदारांच्या पगारातून मालकाने कापावयाचा व्यवसाय कर आपल्या राज्यात साधारणतः दरमहा 200 रुपये आहे. फेब्रुवारीत मात्र तो 300 होतो. कारण राज्यघटनेने या करावर 1988 पासून वर्षाला 2,500 रुपयांची मर्यादा घातली आहे, आणि बारांनी भागून हा आकडा सुटसुटीत येत नाही. तेव्हा ज्या कोणा हिशेबनिसाने ही विभागणी केली, त्याने वर्षातील सर्वांत लहान महिन्यावर सर्वांत मोठा हप्ता टाकला! आमच्या करपद्धतीचा स्वभाव समजून घेण्यास एवढा एक दाखला पुरेसा व्हावा.

कर भरू नये, विवरणपत्रे देऊ नयेत, असे आम्ही कधीही म्हटलेले नाही व म्हणणार नाही. उलट, गिऱ्हाइकाकडून बिलावर कर वसूल करून तो स्वतःच्या व्यवहारात फिरविणाऱ्या व्यापाऱ्याविषयी आम्हांला यत्किंचितही सहानुभूती नाही. आयकर हा आपल्या मिळकतीतून द्यावयाचा असतो. त्यात चुकारपणा करणारा निदान स्वतःचाच पैसा दडवीत असतो. वस्तू व सेवा कराचे तसे नाही. तो पैसा गिऱ्हाइकाचा, जावयाचा सरकारात. व्यापारी हा मधला विश्वस्त. विश्वस्ताने पेटीला हात लावला तर त्याला समाज काय म्हणतो, हे सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु हा सारा युक्तिवाद एका गृहीतावर उभा आहे, आणि ते गृहीत असे की, गिऱ्हाइकाने पैसा दिलेला आहे. तो दिलेलाच नसेल तर?

वाळूजच्या कोणत्याही गाळ्यात जाऊन पाहा. दोन लेथ, एक मिलिंग, चार-सहा कामगार. मालक स्वतःही मशीनवर उभा. 1985 मध्ये येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग करणाऱ्यांची वस्ती वाढली. आज ती मराठवाड्याच्या औद्योगिक जीवनाचा कणा आहे. समजा, अशा गाळेवाल्याने 5 जानेवारीला एक लाख रुपयांचा माल पाठविला आणि अठरा टक्क्यांनी 18,000 रुपये कर लावून बिल दिले. या कराचे देणे 20 फेब्रुवारीला चुकवावयाचे. पोलाद खरेदी करताना त्याने जो कर दिला असेल तो वजा होतो, हे खरे. पण मजुरी आणि मेहनत हीच ज्याच्या मालाची बव्हंश किंमत, त्याला वजावट ती किती मिळणार? आणि बिलाचे पैसे नव्वद दिवसांच्या कराराने येत असतील तर ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हाती पडावयाचे. मधल्या दीड महिन्यासाठी हा कर गाळेवाला कोठून भरतो? बँकेच्या कॅश क्रेडिटमधून भरतो, ते भरले असेल तर नातलगाकडून हातउसने आणून भरतो, आणि तेही न जमल्यास कामगारांचा पगार चार दिवस लांबवून भरतो.

आता याच व्यवहाराची दुसरी बाजू पाहू. माल घेणाऱ्या बड्या कारखान्याने अद्याप एक दमडीही दिलेली नाही. तथापि गाळेवाल्याने अकरा तारखेला बिल पोर्टलवर चढविले की, त्यातील 18,000 रुपये हा बडा कारखाना आपल्या करातून वीस तारखेलाच वजा करून घेऊ शकतो. कायद्याची अट इतकीच की, बिलापासून 180 दिवसांत पैसे चुकते व्हावेत. न झाल्यास घेतलेली वजावट व्याजासह परत करावी. म्हणजे न दिलेल्या कराची वजावट मोठ्याच्या पदरात पडते आणि न मिळालेल्या पैशावरचा कर लहानाच्या खिशातून जातो. दोघांचीही तारीख वीस, दोघांचेही विवरणपत्र तेच. आणि तरीही त्या दिवशी एकाचा खिसा भरतो व दुसऱ्याचा रिता होतो. यात कोणी कायदा मोडलेला नाही, हेच तर आमचे दुःख आहे.

वस्तुतः 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने याच दुखण्यावर उपाय योजून ठेवला आहे. लहान उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसल्यास 15 दिवसांत दिलेच पाहिजेत. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, तेही दरमहा चक्रवाढीने, व्याज द्यावे लागते. वाचावयास किती कडक! परंतु हे व्याज मागावयाचे कोणी? ज्याला पुढची ऑर्डर हवी आहे त्याने. तक्रारींसाठी सरकारने 2017 मध्ये ‘समाधान’ नावाची व्यवस्था उभी केली, ती चांगलीच आहे. परंतु आपल्या एकुलत्या एका गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार गुदरणारा गाळेवाला आम्हांस तरी अद्याप भेटावयाचा आहे.

त्यापेक्षा अधिक परिणामकारक ठरली ती 2023 च्या वित्त कायद्याने आणलेली तरतूद. सूक्ष्म व लघु उद्योगाला मुदतीत पैसे दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा करता यावयाचा नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच तो वजा मिळेल, असा तिचा आशय. 2023-24 या हिशेबी वर्षापासून ती लागू झाली आणि 2024 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये देशभरच्या बाजारपेठांत एकच धांदल उडाली. वर्षानुवर्षे अडकलेली बिले 31 मार्चच्या आत निघू लागली, ही तिची पुण्याई. पण दुसरीकडे, नोंदणीकृत लहान उद्योगाकडून माल घेणेच नको, अशी भाषाही कापडाच्या आणि इतर काही व्यापारांत ऐकू आली. आपली नोंदणी रद्द करून घ्यावी की काय, अशा विचारात काही लहान माणसे पडली. औषधाने रोग्यालाच धास्ती वाटावी असा हा प्रकार! आमचे स्पष्ट मत असे की, तरतूद योग्य आहे. दोष आहे तो अर्धवटपणाचा. आयकराचा कायदा 45 दिवस म्हणतो, वस्तू व सेवा कराचा कायदा 180 दिवस म्हणतो. एकाच बिलाला, एकाच सरकारची ही दोन मापे कशासाठी? लहान उद्योगाच्या बिलापुरती 180 दिवसांची सवलत 45 वर आणली, तर बड्या कारखान्याच्या लेखाविभागाला हे बिल वर्षाच्या शेवटीच नव्हे, दरमहा आठवेल.

हा मुद्दा आम्ही एवढ्या विस्ताराने मांडतो, याला कारण आहे. मुदत चुकली की पुढे काय होते, याची पुष्कळांस कल्पना नसते. विलंबशुल्क दिवसाला 50 रुपये. काहीच उलाढाल नसेल तर 20. रक्कम पाहून कोणीही म्हणेल, यात काय मोठेसे? थकलेल्या करावर वर्षाला अठरा टक्के व्याज, तेही सोसता येईल. न सोसण्याजोगे ते पुढेच आहे. आधीच्या महिन्याचे मुख्य विवरणपत्र गेले नसेल तर पुढच्या महिन्याची बिले पोर्टलवर चढत नाहीत. बिले चढली नाहीत तर 1 जानेवारी 2022 पासूनच्या नियमाने गिऱ्हाइकाला वजावट मिळत नाही. वजावट मिळाली नाही की गिऱ्हाईक उरलेले पैसेही अडवून धरते. पैसे अडले की कर भरता येत नाही, आणि कर भरला नाही की विवरणपत्र जात नाही! लागोपाठ दोन महिन्यांची विवरणपत्रे राहिली तर मालाच्या वाहतुकीचे ई-वे बिलही निघेनासे होते. मग तयार माल गाळ्यातच पडून राहतो. पन्नास रुपयांपासून सुरू झालेली ही साखळी कुलूप लागण्यापर्यंत अशी जाऊन पोचते.

कापलेल्या आयकराचे गणित याहून विचित्र. एखाद्या कंत्राटदाराच्या बिलातून 10 जानेवारीला कर कापला आणि 7 फेब्रुवारीऐवजी 8 फेब्रुवारीला भरला, तर उशीर एका दिवसाचा. परंतु व्याज कापल्या तारखेपासून, दरमहा दीड टक्का, आणि महिन्याचा अंश हा पूर्ण महिना धरून. खात्याचा संगणक जानेवारी एक आणि फेब्रुवारी दुसरा असे दोन महिने मोजतो आणि तीन टक्क्यांची मागणी पाठवितो. सावकारी कायद्याखाली कोणी असे व्याज लावले असते तर त्याची काय गत झाली असती?

मुदतीच्या बाबतीत नागरिकाला अशी करडी शिस्त लावणाऱ्या सरकारने स्वतःची शिस्त कितपत पाळली, हे पाहणे म्हणूनच गैर ठरू नये. 1 फेब्रुवारी 2018 रोजी ई-वे बिलाची पद्धत देशभर सुरू झाली आणि त्याच दिवशी यंत्रणा कोलमडली. अखेर आंतरराज्य मालासाठी 1 एप्रिलचा मुहूर्त धरावा लागला. त्याच फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयाने या कराच्या पोर्टलविषयी कठोर शब्दांत नापसंती व्यक्त केली. 2017-18 च्या पहिल्या वार्षिक विवरणपत्राची मुदत वाढत वाढत फेब्रुवारी 2020 पर्यंत गेली. आणि जानेवारी 2025 मध्ये, अकरा तारीख अगदी तोंडावर असताना पोर्टल बंद पडले. 10 जानेवारीला आदेश निघून अकराची तेरा आणि वीसची बावीस झाली. मुदत वाढविली याबद्दल तक्रार नाही, वाढविणे भागच होते. तक्रार आहे ती उंबरठ्यावर येऊन वाढविण्याबद्दल. रात्र रात्र जागून, मुलाच्या तापाकडे दुर्लक्ष करून ज्या हिशेबनिसाने नऊ तारखेलाच काम संपविले, तो मूर्ख ठरतो. आणि ‘वाढेल हो तारीख’ म्हणत हात चोळीत बसलेला शहाणा ठरतो. मुदतवाढीची सवय लागलेल्या समाजात मुदतीला अर्थ उरत नाही.

अभय योजनांचेही तेच. आपल्या राज्याने जुन्या विक्रीकराच्या थकबाकीसाठी 2019, 2022 आणि 2023 अशा एकामागून एक योजना काढल्या. जुनी प्रकरणे निकाली निघावीत, हा हेतू समजण्याजोगा आहे. पण ज्याने वेळच्या वेळी पैन् पै भरली, त्याला या योजनांतून काय मिळाले? शेजारच्या दुकानदाराचे व्याज माफ झाल्याची बातमी, एवढेच.

आमच्या या शहराला तारखांचे हे जाच नवे नाहीत. निजामी अमलात येथला सरकारी कारभार फसली सनावर चाले. ऑक्टोबराच्या आरंभी नवे साल, आणि आझूर, दै, बहमन अशी महिन्यांची नावे. 1357 फसलीत हैदराबाद राज्याने आपला आयकर कायदा केला. तो धड रुळतो न रुळतो तोच 1 एप्रिल 1950 पासून 1922 चा भारतीय आयकर कायदा येथे लागू झाला, आणि त्याच साली हैदराबादचा सर्वसाधारण विक्रीकर कायदा आला. 1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि 1 जानेवारी 1960 पासून मुंबईचा नवा विक्रीकर कायदा अमलात आला. बारा-तेरा वर्षांत एवढे कायदे आणि दोन वर्षगणना पचविलेला व्यापारी या मोंढ्याने पाहिला आहे. त्याची स्वतःची वर्षगणना मात्र तिसरीच होती: दिवाळीची. लक्ष्मीपूजनाला वह्या पुजाव्या आणि पाडव्याला नवी कीर्द उघडावी. आयकर खातेही ते चालवून घेत असे. ज्याने त्याने आपले हिशेबी वर्ष निवडावे, अशी मुभा 1961 च्या कायद्यात दीर्घकाळ होती. 1987 च्या दुरुस्तीने ती संपली, आणि 1989 पासून सर्वांना 31 मार्च एकच झाला. वह्या आजही दिवाळीला पुजल्या जातात. त्यांतला हिशेब मात्र मार्चमध्ये बंद होतो.

हे 31 मार्च तरी आमचे कोठे? 1867 मध्ये इंग्रज सरकारने विलायतेच्या सोयीने 1 एप्रिलचे आर्थिक वर्ष येथे आणले. ते बदलून जानेवारीपासून करावे, अशी शिफारस एल. के. झा समितीने 1980 च्या दशकात केली होती. ती मानली गेली नाही. 2017 मध्ये मध्य प्रदेशाने तशी घोषणाही केली आणि पुढे ती बारगळली. वर्ष कोणत्याही महिन्यात सुरू करा, शेवटच्या तिमाहीची घाई चुकावयाची नाही, हे आम्हांस कळते. म्हणूनच वर्ष बदलण्याच्या वादात आम्ही फारसे शिरत नाही. 2025 साली संसदेने नवा आयकर कायदा संमत केला आणि 1 एप्रिल 2026 ही त्याच्या अंमलाची तारीख ठरविली. त्यात ‘मागील वर्ष’ आणि ‘आकारणी वर्ष’ हा साठ-सत्तर वर्षांचा घोळ काढून ‘कर वर्ष’ असा एकच शब्द आला, ही गोष्ट मात्र स्वागतार्ह आहे. कोणते वर्ष म्हणजे कोणते, हे मुनिमाला समजावून सांगण्यात आजवर किती तास खर्ची पडले असतील!

आता चार शब्द आमच्या व्यापारी बंधूंना. सरकारचे जे चुकते ते आम्ही सांगितले. आपले जे चुकते तेही ऐकून घेतले पाहिजे. शहरातल्या कोणत्याही सनदी लेखापालाच्या कार्यालयात एकोणीस तारखेच्या संध्याकाळी जा. पिशवीभर बिले घेऊन आलेली माणसे जिन्यापर्यंत बसलेली असतात. त्यातली निम्मी बिले महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली. म्हणजे ती देण्यास सवड नव्हती असे नव्हे, इच्छा नव्हती. दौलताबादच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींच्या पदरी हिशेब पाहणाऱ्या एकनाथांची गोष्ट आपल्याकडे लहान मुलेही जाणतात. एका पैची चूक शोधण्यासाठी ते रात्रभर दिव्यापाशी बसले आणि ती सापडताच आनंदाने टाळी पिटली, असे सांगतात. त्या गोष्टीचा परमार्थ कीर्तनकार सांगतातच; आम्हांस तिच्यातला प्रपंच अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्या दिवसाचा हिशेब त्या दिवशी जुळविण्याची रीत या मातीत होती. रोजमेळ रोज घालणाऱ्या दुकानदाराला अकरा तारखेची धास्ती वाटत नाही. त्याला पोर्टल पाच तारखेला मोकळे सापडते.

आणि येथे केवळ स्वतःच्या दंडाचा प्रश्न नाही. आपण बिल चढविले नाही तर वजावट बुडते ती आपल्या गिऱ्हाइकाची. पाच कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना 1 जानेवारी 2021 पासून तिमाही विवरणपत्राची सोय मिळाली आहे. तिच्यातही पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या पंचविसाव्या तारखेपर्यंत भरावा लागतो आणि बिले तेरा तारखेपर्यंत चढविता येतात. ‘तिमाही आहे ना, मग एप्रिलमध्ये पाहू’ असे म्हणून जानेवारीची बिले जो ठेवून देतो, त्याच्याकडून माल घेणाऱ्या दुसऱ्या लहान माणसाची काय दशा होते, याचा विचार त्याने करावयास हवा. आपसमेळ योजनेत पुढच्या वर्षासाठी जावयाचे असेल, किंवा निर्यातदाराला हमीपत्र द्यावयाचे असेल, तर तेही 31 मार्चच्या आतच उरकावे; एप्रिलमध्ये धावपळ करून उपयोग नाही.

येथल्या उद्योजकांच्या संघटना, मग ती 1968 पासूनची ‘सीएमआयए’ असो वा लघुउद्योजकांची ‘मसिआ’, या बाबतीत पुष्कळ करू शकतील. दिल्लीला निवेदने पाठविणे चालूच राहो. परंतु बडा खरेदीदार आणि लहान पुरवठादार हे दोघेही ज्या सभागृहात एकत्र बसतात, तेथेच हा प्रश्न आधी विचारला गेला पाहिजे. 250 कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना लहानांची बिले वटविण्याच्या ‘ट्रेड्स’ या व्यवस्थेत 31 मार्च 2025 पर्यंत नाव नोंदविणे सरकारने बंधनकारक केले. नाव नोंदविणे वेगळे आणि आलेले बिल तेथे मान्य करणे वेगळे. आपल्या औद्योगिक वसाहतींतील किती बिले मान्य होऊन वटतात, हे त्या कंपन्यांनी स्वतःहून जाहीर करावे, अशी आमची सूचना आहे.

सरकारकडे आमची मागणी मोठी नाही. मुदत वाढवावयाची असेल तर ती संपण्यापूर्वी निदान पाच दिवस तसे जाहीर व्हावे. ज्या दिवशी पोर्टल बंद राहील तो दिवस विलंबशुल्कातून आपोआप वगळला जावा, त्यासाठी कोणालाही अर्ज करावा लागू नये. आणि लहान उद्योगाच्या बिलावरील वजावट 45 दिवसांशी जोडावी. पहिल्या दोन गोष्टींना तर नव्या कराचा एक रुपयाही लागत नाही.

परंतु या तिन्हींची वाट पाहत न बसता एक गोष्ट याच महिन्यात, याच शहरात होऊ शकते. वाळूज आणि शेंद्रा येथील मोठ्या कारखान्यांच्या लेखाविभागांनी येत्या वीस तारखेपूर्वी आपली फडताळे उघडावीत, 45 दिवस उलटून गेलेली लहान पुरवठादारांची बिले वेगळी काढावीत, आणि सगळी रक्कम देणे शक्य नसेल तर त्यांतील कराचा भाग तरी, ज्याची वजावट त्यांनी स्वतः केव्हाच घेतली आहे, तेवढा त्याच दिवशी गाळेवाल्याच्या खात्यावर जमा करावा.